कांद्याला नाक कुठाय? : 'श्वसन' आणि 'श्वासोच्छ्वास'

प्रश्न असा आहे: 'चाळीत साठवलेल्या कांद्याचं श्वसन चालूच असतं' हे वाक्य बरोबर का? कांदा श्वास कसा घेईल? श्वसन म्हणजे श्वासोच्छ्वासच ना?

वाक्य बरोबर आहे. घोळ होतो तो 'श्वसन' या शब्दाला आपण दोन कामांना जुंपल्यामुळे.

'श्वस्' हा धातू श्वास घेण्याचाच. श्वास, निःश्वास त्यातूनच आले. विश्वास आणि आश्वासनही. (आश्वासन म्हणजे मुळात जिवात जीव आणणं. निवडणुकीतलं सोडून.) तेव्हा कांद्याला नाक शोधणाऱ्याचं फार चुकलेलं नाही. पण जीवशास्त्राने हा शब्द छातीतून उचलून पेशीत नेला. तिथे श्वसन म्हणजे अन्नातली ऊर्जा टप्प्याटप्प्याने मोकळी करणं. ग्लुकोजचा रेणू आधी पेशीद्रव्यात फुटतो, पुढचं काम तंतुकणिकेत (म्हणजे पेशीतल्या मायटोकाँड्रियात) ऑक्सिजनच्या मदतीने होतं. थोडी ऊर्जा एटीपीच्या (पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा वाहणाऱ्या रेणूच्या) रूपात हाती लागते, बरीचशी उष्णता होऊन निघून जाते. शिवाय कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. म्हणून तर कांदाचाळ हवेशीर बांधतात. हवा कोंडली की कांदा तापतो, सडतो. चाळीत वजन घटतं त्यात उडून गेलेलं पाणी जास्त, पण कांद्याने स्वतःच खर्ची घातलेली साखरही असते.

'तंतुकणिका' हा माझा लाडका शब्द. मायटोकाँड्रियामधला 'मायटोस' म्हणजे ग्रीकमध्ये धागा, 'काँड्रिऑन' म्हणजे बारीक कण. तुकड्याला तुकडा जुळवलाय!

दोन अर्थ वेगळे आहेत याचा पक्का पुरावा 'विनॉक्सिश्वसन' देतो. शब्द ओबडधोबड आहे, संस्कृत 'विना' थेट ऑक्सिजनला चिकटवलेला. पण यीस्ट ऑक्सिजनशिवाय साखर फोडून अल्कोहोल बनवतं, त्याला हेच नाव आहे. श्वसन म्हणजे फक्त हवा आत-बाहेर करणं असं धरलं, तर या शब्दाला अर्थच उरत नाही.

मी स्वतः छातीचा भाता हलतो तिथे 'श्वासोच्छ्वास' लिहितो आणि घोटाळ्याची शक्यता असेल तिथे 'पेशीश्वसन'. 'श्वसनाचे विकार' मात्र रुळलेलं आहे, त्याला हात लावू नये.

आणि हो, 'श्वासोच्छवास' नव्हे. उत् + शिष्टचं उच्छिष्ट होतं, तसं उत् + श्वासचं उच्छ्वास; 'व' जोडाक्षरातच हवा.