फाइल समोर दिसते तरी पायथनमध्ये फाइलनॉटफाउंडएरर का यायलाय?

तुम्ही म्हणता लातूरच्या मोंढ्यातल्या सोयाबीन भावाची सीएसव्ही स्क्रिप्टच्या शेजारीच ठेवलीय तरी एरर यायलाय, तर भाऊ, बहुतेक वेळा फाइल हरवलेली नसते, पायथन दुसरीकडंच शोधत असतं. नुसतं नाव दिलं की ते स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये नाही, प्रोग्राम जिथून चालवला त्या फोल्डरमध्ये बघतं. आधी ओएस डॉट गेटसीडब्ल्यूडी (चालू फोल्डर सांगणारं फंक्शन) प्रिंट करा, लगेच कळंल. दुसरं म्हणजे विंडोज एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचा फाइलचा प्रकार) लपवतं, त्यामुळं दिसायला 'भाव.सीएसव्ही' पण खरं नाव 'भाव.सीएसव्ही.टीएक्सटी', हे पण बघून घ्या.

आता एरर हाताळायचं. फाइल आहे का ते आधी एक्झिस्ट्सनं चेक करून मग ओपन करू नका, मधल्या क्षणात पण फाइल डिलीट होऊ शकते, थेट ट्रायमध्येच (एरर येऊ शकणारा कोड ठेवायचा भाग) ओपन करा आणि एक्सेप्टमध्ये (एरर आला तर चालणारा भाग) फक्त फाइलनॉटफाउंडएरर पकडा (पायथन ३.३ पासून आहे हा). नुसतं एक्सेप्ट लिहून खाली पास (काहीच करू नको) टाकणं मात्र अजिबात नको, परमिशनचा एररही त्यात गडप होतो आणि मग रिपोर्टमध्ये भाव कोरे का आले ते शोधत बसावं लागतं. मेसेजमध्ये ओएस डॉट पाथ डॉट ॲबस्पाथनं पूर्ण पाथ छापा, म्हणजे पायथन नेमकं कुठं बघायलंय ते दिसतं.