एका नावाला दोन आयपी लावले की लोड बॅलन्सिंग झालं का?

"दोन सर्व्हर आहेत, दोन ए रेकॉर्ड लावले की झालं, लोड बॅलन्सर कशाला?" असं तुम्ही विचारलंय. (ए रेकॉर्ड म्हणजे साइटच्या नावापुढे सर्व्हरचा आयपी पत्ता लिहिलेली नोंद; लोड बॅलन्सर म्हणजे येणारं काम सर्व्हरांत वाटून देणारा.) हेच वाक्य मी माझ्या पार्टनरच्या तोंडून दोन वर्षं ऐकलंय. नका करू.

आमचं अडत दुकानांच्या हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर. एक सर्व्हर सांगलीत, गणपती पेठेतल्या ऑफिसात पहिल्या मजल्यावर. दुसरा पुण्यात भाड्याचा, डेटाबेसही तिकडेच. डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा, दोन्ही आयपी आलटूनपालटून पुढे करायचं; यालाच राउंड रॉबिन म्हणतात. पार्टनर खूश, "फुकटात होतंय की!"

मग ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. पेठेत पाणी, लाइट नाही. यूपीएसनं तासभर दम धरला आणि सांगलीचा सर्व्हर गेला. सोलापूर-लातूरच्या गिऱ्हाइकांना त्याचं काय? त्यांचे सौदे चालूच. सर्व्हर मेलाय हे डीएनएसला कळत नाही, ते त्याचाही पत्ता वाटत राहिलं. ब्राउझर दुसरा आयपी धरतो, कबूल. पण बंद मशीन 'नाही' सुद्धा म्हणत नाही, त्यामुळे विंडोजवर आधी वीसेक सेकंद नुसतं चक्र फिरतं. आणि पट्टी छापायचा आमचा प्रोग्रॅम पहिल्याच आयपीवर अडून बसणारा. (तो मीच लिहिलेला, असो.) एका अडत्याचा फोन, "शेतकरी पट्टीसाठी समोर बसलाय, हातानं लिहू काय आता?" म्हटलं, लिहा.

मेलेला रेकॉर्ड काढायचा तर डीएनएसच्या पॅनलचा ओटीपी पार्टनरच्या मोबाइलवर, आणि तो मिरजेला मेव्हण्याकडे, मोबाइल स्विच ऑफ. संध्याकाळी काढला एकदाचा. पण टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद धरून ठेवायचं तो आकडा, 86400, अख्खा दिवस! ज्यांच्या रिझॉल्व्हरनं (त्यांच्या वतीनं डीएनएसला पत्ता विचारणारा सर्व्हर) जुनं उत्तर धरून ठेवलेलं, त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत तोच पत्ता.

लोड तरी सारखा वाटला जायचा का? कुठला! डीएनएस पत्ते वाटतं, काम नाही. कुणी एक पट्टी काढतो, कुणी वर्षाचा खातेउतारा.

आता दोन्ही सर्व्हर पुण्यात, पुढे एचएप्रॉक्सी नावाचा लोड बॅलन्सर. तो दर दोन सेकंदांनी मागच्यांना हाक मारतो, ओ दिली नाही की त्याला बाजूला काढतो. तोच पडला तर म्हणून त्याचाही जोडीदार ठेवलाय, कीपअलाइव्हडी लावून; एक पडला की ते दुसऱ्याला पुढे करतं.

हां, नुसती चित्रं, फायली द्यायच्या असतील आणि टीटीएल 300 च्या आसपास ठेवलात, तर राउंड रॉबिन चालून जातं. दोन लोड बॅलन्सरांच्या पुढे लावायलाही बरं. युक्ती जुनीच आहे, इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांपैकी 1995 च्या आरएफसी 1794 मध्ये सापडेल.

पार्टनर अजून म्हणतो, चूक पुराची. एचएप्रॉक्सीही फुकटच मिळतो, हे मी त्याला 2017 लाच सांगितलं होतं.