चपाती खाऊन पळायला गेलं की अंगावर गांधी उठतात, नुसतं खाल्लं किंवा नुसतं पळलं तर काहीच होत नाही. असं का?

तुम्ही लिहिलंय तेच मी तीन वर्षं सोसलंय. आमच्या बेळगावात अंगावर गांधी उठल्या की निदान एकच, पित्त. आणि औषधही एकच, आमसुलाचं पाणी. आईनं ते मला इतकं चोळलंय की बनियनचे डाग अजून निघाले नाहीत.

सकाळी दोन चपात्या खाऊन व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळायला गेलो की कधीतरी पंधरा-वीस मिनिटांत तळहात खाजायचे, कान तापायचे, मग पोटावर गांधी. थांबलो की तासा-दोन तासांत गायब. त्या ‘कधीतरी’नंच घोळ केला. साबण बदलला, अंडी सोडली, शेंगदाण्याची चटणीसुद्धा सोडली. चपातीवर संशय घ्यायचं डोक्यातच आलं नाही, रोजचीच ती!

मग एका लग्नात दुपारी मांडे हाणले, गुडघा दुखत होता म्हणून दुखीची गोळी घेतली आणि मित्रांबरोबर येळ्ळूरचा राजहंसगड चढायला निघालो. अर्ध्या वाटेत ओठ सुजले, घसा आवळला, डोळ्यांपुढं अंधारी आली. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनॅलिन टोचलं तेव्हा कुठं श्वास मोकळा झाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, ‘चढायच्या आधी चार तासांत पोटात काय काय गेलं?’ त्या दिवशी मांडे, एरवी चपाती, दोन्हीत गहू. पुढं रक्त तपासलं, तर गव्हातल्या ओमेगा-5 ग्लायडिन या प्रथिनाची ॲलर्जी निघाली.

खाणं आणि व्यायाम जुळून आले की उठणारी ही ॲलर्जी डॉक्टरांना 1979 पासून माहीत आहे. तेव्हाचा पहिला रुग्ण शिंपल्यातले जीव खाऊन पळणारा होता. व्यायामात आतड्यातून अन्नातली प्रथिनं जास्त प्रमाणात रक्तात उतरतात, असं मानतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणि दारू त्याला हातभार लावतात. म्हणून माझा गडावरचा झटका मोठा.

पण तुमचं हेच असेल असं नाही हं. गांधी टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक असतील, आणि गरम पाण्यानं आंघोळ केली, घाम फुटला तरी उठत असतील, तर ती घामाची वेगळी शीतपित्ताची तऱ्हा. डॉक्टरांकडं पोचेपर्यंत अंग स्वच्छ होतं, तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि खाल्लेलं, घेतलेल्या गोळ्या, वेळ लिहून ठेवा. घरच्या घरी ‘खाऊन पळून बघू’ हा प्रयोग मात्र करू नका.

मी आता गहू खाल्ल्यावर चार तास पळत नाही. पळायच्या दिवशी भात नाहीतर जोंधळ्याची भाकरी. रवा, मैदा, शेवया लक्षात राहतात, पण बाजारच्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं, ते कोण सांगणार? एकटा पळत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲड्रेनॅलिन आणि सिरिंज पिशवीत असते, बायकोला टोचायला शिकवलंय. सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळीनं खाज जाते, घसा सुटत नाही. चक्कर आली तर आडवं व्हायचं, पाय वर ठेवायचे, उठून चालायचं नाही, 108 ला फोन लावायचा. इंजेक्शननं बरं वाटलं तरी दवाखान्यात थांबायचं, कारण काही तासांनी झटका परत येऊ शकतो.

मांडे अजून खातो की! रात्री जेवणात, आणि मग सरळ अंथरुणावर.