मास्टर देऊ नकोस

अगं, तुझा रात्री अडीचचा मेसेज सकाळी वाचला. रेकॉर्ड लेबलवाल्यांना तुमच्या बँडचा अल्बम आवडलाय पण तीन गाणी जरा सोपी करून हवीत, सातव्या गाण्यातला तो दीड मिनिटांचा नुसता गोंगाट काढायचाय, अॅडव्हान्स चांगला आहे, काय करू? गाणी कापायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही. पण सगळ्यात खाली तू एक ओळ लिहिलीयेस, "मास्टर त्यांच्याकडे राहणार, ते तर असतंच ना". मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, ते ज्याचं त्याचा त्यावर हक्क. नाही, असतंच असं काही नाही! खरा प्रश्न तोच आहे.

विल्को या अमेरिकन बँडचा 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' हा अल्बम तुला पाठ आहे, पण तू त्यातले आवाज ऐकतेस, मी कराराचे कागद बघतो. 2001 मध्ये त्यांच्या लेबलनं, रिप्राइजनं, तो काढायला नकार दिला. बँड बाहेर पडला, पण मास्टर घेऊन. सप्टेंबरात स्वतःच्या वेबसाइटवर अख्खा अल्बम ऐकायला ठेवला, एप्रिल 2002 मध्ये नॉनसच या दुसऱ्या लेबलनं काढला, पहिल्या आठवड्यात 50 हजारांवर कॉपी, बिलबोर्डच्या अल्बम यादीत 13वा नंबर, एवढं वर ते आधी कधीच गेले नव्हते. आणि गंमत म्हणजे दोन्ही लेबलं वॉर्नर या एकाच कंपनीची! मास्टर रिप्राइजच्या कपाटात राहिले असते तर? (त्यांच्यातला जे बेनेट तोवर बँडमधून गेला होता. मास्टर ठेवले म्हणून माणसं टिकतात असं नाही, ते वेगळं.)

आमच्या बँडचे मास्टर लेबलच्या कपाटातच राहिले. दोन वर्षं घासून केलेली नऊ गाणी, लेबलमधला आमचा माणूस नोकरी सोडून गेला, नव्याला काही पडलेलं नव्हतं, रिलीज पण नाही आणि परत पण नाही. शब्द-चाल माझ्या नावावर म्हणून मी खुशीत, गाणं वेगळं आणि त्याचं रेकॉर्डिंग वेगळं हे वकिलाकडे गेल्यावर कळलं. पुन्हा रेकॉर्ड करावं तर करारात पाच वर्षं बंदी. आणि हो, सही करूया हा आग्रह माझाच होता. स्टुडिओचं बिल थकलेलं, बेसवाल्याला नुकतंच मूल झालेलं, कोणीतरी ठरवायलाच हवं होतं ना? माझ्या जागी तूही तेच केलं असतंस. बरं, नसतंही केलं. ड्रमर तेव्हा नको म्हणत होता.

म्हणून परत सांगतो, मास्टर देऊ नकोस. लायसन्स दे, म्हणजे मालकी तुमची, त्यांना फक्त वापरायची परवानगी, पाच-सात वर्षांची, आणि ठरलेल्या महिन्यांत रिलीज केला नाही तर हक्क आपोआप परत, हे लिहून घे. तोंडी नाही, लिहून. अॅडव्हान्सला भुलू नकोस, तो काय बक्षीस नाहीये, तुमच्याच रॉयल्टीतून वळता करतात. "सगळे असंच साइन करतात" म्हणतील, म्हणू देत. मला पण तेच म्हणाले होते.

करार पूर्ण पाठव, फोटो नको, पीडीएफ. आणि एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये तुमचा ड्रमर काय म्हणतोय ते कुठेच नाहीये. त्याला विचारलंस का?