'मॅगट ब्रेन'ची रीमास्टर्ड आवृत्ती: पहिल्यांदा ऐकताना

'मॅगट ब्रेन'ची रीमास्टर्ड (जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने सुधारलेली) आवृत्ती घेतलीस, छान केलंस! फंकाडेलिक या अमेरिकन बँडचा १९७१ चा हा अल्बम फंक (ठेक्यावर उभं असलेलं, नाचायला लावणारं संगीत) ऐकायला शिकण्यासाठी उत्तम आहे. पण २००५ च्या आवृत्तीत शेवटी जादा गाणी जोडली आहेत, ती सध्या सोडून दे. मूळ सात गाणी, त्याच क्रमाने, एका बैठकीत ऐक.

पहिलंच गाणं दहा मिनिटांचं आहे. बँडचा गिटारवादक एडी हेझलची गिटार जवळजवळ एकटी आहे, कारण बँडचा प्रमुख जॉर्ज क्लिंटनने मिक्सिंगमध्ये (वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना) बाकीची वाद्यं मागे सारली. 'ड्रम्स कुठे गेले?' म्हणून पुढे ढकलू नकोस. नवशिक्यांची हीच चूक मला सर्वांत जास्त खटकते. (जादा गाण्यांत याचंच वेगळं मिक्स आहे, ते महिन्याभराने ऐक, अंगावर काटा येईल.)

आणखी दोन गोष्टी:
- मोबाइलच्या स्पीकरवर नको. फंकचा जीव बेसमध्ये (खालच्या, खोल स्वरांत) असतो, साधे हेडफोन तरी लाव.
- जुनी प्रत आणि रीमास्टर यांची तुलना करताना आवाज सारखा ठेव. मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो.

रेकॉर्ड प्लेअरची महागडी सुई, रेकॉर्डच्या पहिल्या छपाईची प्रत वगैरे नंतर बघू. आज रात्री याच अल्बममधल्या 'हिट इट अँड क्विट इट' गाण्यातला बँडच्या बर्नी वॉरेलचा ऑर्गन ऐक आणि कसा वाटला ते सांग.