निकालाची प्रत आधी भावाकडे मागा

ताई, वहिनीच्या खुनात भावाला नागपूरच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, चाळीस दिवस झाले, पण कागद हाती नाहीत म्हणून अपील थांबलंय, असं तुम्ही लिहिलंय. 2017 ला आम्ही अगदी इथेच अडकलो होतो. धुऱ्याच्या भांडणात काका गेले आणि मोठा भाऊ आत गेला. गेलेला आपला, आत बसलेलाही आपलाच. अशा वेळी कोर्टात सोबत यायलाही नातेवाईक तयार होत नाहीत.

मी वकील नाही, जे भोगलं तेच सांगतोय. तुमच्या वकिलांना विचारूनच पुढे जा.

जन्मठेपेविरुद्ध हायकोर्टात जायला 60 दिवस असतात. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज कधी दिला हे कागदावर असेल तरच. आमचा घात इथेच झाला. एका कार्यालयातल्या बाबूने अर्ज ठेवून घेतला, पावती दिली नाही. आम्हीही मागितली नाही. मग "सोमवारी या", "साहेब रजेवर आहेत", "तुमचा नंबर लागायचा आहे". मे महिन्याच्या उन्हात म्हातारी आई एसटीने यायची आणि बाकावर बसून परत जायची. शेवटी कळलं, अर्जाची नोंदच नव्हती! आजही त्या खिडकीची आठवण आली की माझा संताप होतो.

आणि ज्यासाठी मरत होतो, ती निकालाची प्रत भावाकडेच होती. शिक्षा झालेल्या आरोपीला ती लगेच, मोफत द्यावी लागते. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 363 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत 404. त्याने ती बराकीत कपड्यांच्या पिशवीत जपून ठेवलेली. त्याला वाटलं आमच्याकडेही असेल, आणि आम्ही कधी विचारलंच नाही. अपील दाखल करायला ती पुरली असती. साक्षीपुराव्याचं रेकॉर्ड हायकोर्ट नंतर मागवतं.

उशीर झाल्यामुळे आधी विलंबमाफीचा अर्ज. तो मंजूर होईपर्यंत शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज पुढे सरकला नाही. भावाचे ते महिने फुकट आत गेले.

तुमच्या प्रकरणात घरात दोघंच होते, म्हणजे निकालात पुरावा कायद्याचं कलम 106 असणार (नव्या कायद्यात 109): आत काय घडलं ते त्यानेच सांगायला हवं होतं, असं. त्रिमुख मारोती किरकन हा 2006 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सरकारी वकील हमखास पुढे करतात. पण माझं ठाम मत आहे, नुसतं "तो घरात होता" एवढ्यावर गुन्हा शाबीत होत नाही. आधी सरकार पक्षाने आपली बाजू उभी करायची असते. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी पूर्ण हवी, ते शरद बिरधीचंद सारडा या 1984 च्या निकालात आहे. वकिलांना त्यावर स्पष्ट विचारा. अचानक भडकलेल्या भांडणाचा मुद्दा निघतो का, तेही विचारा. आमचं प्रकरण त्यावरच 302 (खून) वरून 304 (सदोष मनुष्यवध) वर आलं. तुमचंही येईल असं मी म्हणत नाही.

फीसाठी शेत विकू नका. तुरुंगातल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हायकोर्टाची विधी सेवा उपसमिती सिव्हिल लाइन्सला खंडपीठातच आहे. शिवाय भाऊ तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवू शकतो. वहिनीच्या माहेरी मात्र आत्ता कोणी "समजवायला" जाऊ नका.

वीसच दिवस हातात धरून चाला. वर्धा रोडच्या जेलमध्ये पुढची मुलाखत मिळेल तेव्हा भावाला आधी प्रतीचंच विचारा, बाकीचं मग बोला.