पुरात बुडालेली आरएक्स: रंगाचं नंतर, आधी क्रँक उघडा

प्रश्न : काका नमस्कार. बाबांची १९९२ची यामाहा आरएक्स १०० आहे. २०१९च्या महापुरात कोल्हापुरात शाहूपुरीत घरात पाणी आलं तेव्हा सीटपर्यंत बुडाली, नंतर पाईपनं धुऊन जिन्याखाली लावली ती तिथंच. बाबा गेल्या वर्षी गेले. आता घरीच खोलून नीट करायची आहे, पान्यांचा सेट आहे. किक जाम आहे. डिझेल टाकून सुटेल का? पेंटर म्हणतोय आधी रंग करून घ्या. आणि आताचं इथेनॉलवालं पेट्रोल चालेल का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : डिझेलनं किक सुटेल हो, पण सुटली म्हणून गाडी चालू करू नका. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनच्या खालचा क्रँक (पिस्टननं फिरणारा दांडा) जिथं असतो त्या डब्यात जातं आणि मग वर, त्यामुळं पुराचं पाणी कार्बोरेटरमधनं नाहीतर सायलेन्सरमधनं आत गेलं की ते खाली क्रँकच्या बेअरिंगपाशी जाऊन बसतं, गाळासकट. वरनं पिस्टन मोकळा झाला तरी बेअरिंग गंजलेलंच असतं, आणि अशी गाडी पळवली की पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या रॉडचं बेअरिंग जातं आणि मग सगळंच जातं.

तर प्लग काढा, भोकातनं डिझेल घाला, दोन-तीन दिवस राहू दे. किकवर उभं राहून उड्या मारू नका. मग हेड आणि ब्लॉक (सिलिंडर) उतरवा, अडकला तर लाकडाच्या ठोकळ्यानं हळू ठोका, छिन्नी घालायची नाही. आत बोटानं बघा, जिथं रिंगा इतकी वर्षं थांबल्या होत्या तिथं गंजाची तपकिरी रेघ असेल, नखाला लागली तर बोअर मारावाच लागतो, म्हणजे सिलिंडर आतनं घासून मोठा करावा लागतो. साईड कव्हरचे फुलीचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरनं फिरवाल तर डोकी खराब होतील, हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा, आणि मॅग्नेट ओढून काढायला पुलरच लावा. गिअर ऑईल ताकासारखं पांढरं निघालं तर पाणी तिथंही गेलंय समजा.

पुढचं मात्र घरात होत नाही. क्रँक घेऊन उद्यमनगरात जा. तिथं प्रेसवर क्रँक उघडून नवीन रॉड किट बसवतात आणि डायल लावून सरळ करून देतात, आपल्या गावाला हे केवढं मोठं सुख आहे बघा. पिस्टन आधी विकत घ्या आणि तो हातात देऊनच बोअर मारून घ्या, नुसतं माप सांगून नको. क्रँकचे दोन्ही ऑईल सील नवीनच टाका, डावीकडनं हवा ओढली की पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊन पिस्टन पकडतो, म्हणजे तापून जाम होतो. जोडल्यावर ऑईल पंपातली हवा काढा, आणि तरीही पहिल्या टाकीत लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑईल वेगळं घाला, पंप बिघडलेला असला तरी इंजिन वाचेल.

रंग सगळ्यात शेवटी. मी एकदा मित्राच्या गाडीची फ्रेम आधी रंगवून घेतली होती आणि इंजिन बसवताना सगळी खरवडली. पेंटरकडं देण्याआधी हँडलखालच्या चेसिस नंबरवर टेप लावा, घासला गेला तर आरटीओत गाडी उभी करताना फार त्रास होतो. कागद आत्ताच सुरू करा, नाव वारसाकडं करायला फॉर्म ३१, आरसी रिन्यू करायला फॉर्म २५, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावंच लागतं. आणि टाकीवर बाबांच्या गुडघ्यानं घासून रंग गेलेला असेल तर माझं ऐका, टाकी रंगवू नका, आतनं गंज काढा फक्त.

इथेनॉल आपल्याच ऊसपट्ट्यात तयार होतं, पण जुन्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलचा पाईप, कॉकचे वॉशर, कार्बोरेटरची रबरं नवीन टाका. ते पाणीही ओढतं, त्यामुळं पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरखालचा स्क्रू सोडा आणि वाटी रिकामी करून ठेवा.